कारखान्याच्या आगीच्या धुराने आजार जडला, तर भरपाई मिळते का? इगतपुरीच्या दोन आगी आणि कायदा

२१ मे २०२५. मध्यरात्र उलटून गेल्यावर नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात, मुंढेगावजवळच्या जिंदाल पॉली फिल्म्सच्या कारखान्याला आग लागली. मुंबई-नाशिक महामार्गावरून दिसणारे काळ्या धुराचे लोट दोन दिवसांहून अधिक काळ उठत होते. कारखान्यातल्या गॅसच्या टाकीपर्यंत आग पोहोचेल या भीतीने परिसरातल्या गावांमधल्या लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवावं लागलं.

याच कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजीही भीषण आग लागली होती. तेव्हा तीन कामगारांचा मृत्यू झाला आणि १७ जण जखमी झाले. मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी पाच लाख रुपयांची मदत राज्य सरकारने जाहीर केली होती.

अशा दुर्घटनेत मृत आणि जखमींची नोंद होते. पण धूर अंगावर घेतलेल्या आणि काही दिवसांनी, काही महिन्यांनी खोकला, धाप किंवा दमा सुरू झालेल्या माणसाची नोंद कुठे होते? त्याला भरपाई मागता येते का? कोणाकडे, किती दिवसांत आणि कोणत्या पुराव्यावर?

थोडक्यात उत्तर असं, की भरपाई मागता येते आणि त्यासाठी कारखान्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण आजार त्याच धुरामुळे झाला हे दाखवावं लागतं. बहुतेक दावे अडतात ते इथेच.

सरकारी मदत म्हणजेच भरपाई का?

नाही. दुर्घटनेनंतर मुख्यमंत्री किंवा पालकमंत्री जी रक्कम जाहीर करतात, तिला सानुग्रह मदत म्हणतात. ती सरकारने आपणहून दिलेली मदत असते. ती किती द्यायची आणि कोणाला द्यायची, हे सरकार ठरवतं. साधारणपणे ती मृतांच्या वारसांना आणि रुग्णालयात दाखल झालेल्या जखमींना मिळते.

भरपाई हा मात्र कायद्याने दिलेला हक्क आहे. ती कारखान्याच्या मालकाकडून मागायची असते आणि तिचा आकडा प्रत्यक्ष नुकसानीवरून ठरतो. त्यात औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, कायमचं किंवा तात्पुरतं अपंगत्व हे सगळं येतं. सानुग्रह मदत घेतली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. मात्र आधी कुठून काही रक्कम मिळाली असेल, तर ती दाव्यात लपवता येत नाही.

चूक सिद्ध करावी लागत नाही, असं का?

याचं मूळ दोन दुर्घटनांमध्ये आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यानंतर साधारण वर्षभराने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. दिल्लीच्या प्रकरणात २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने एक तत्त्व घालून दिलं. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने त्यातून होणाऱ्या नुकसानीची संपूर्ण जबाबदारी घ्यायची. ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ हा बचाव चालणार नाही.

पुढे हेच तत्त्व दोन कायद्यांत आलं. एक, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा. दुसरा, २०१० चा राष्ट्रीय हरित लवाद कायदा. आजारी पडलेल्या गावकऱ्यासाठी हेच दोन मुख्य दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा : जिल्हाधिकारी

सार्वजनिक दायित्व विमा कायदा फारसा कोणाला माहीत नसतो. धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगाने अपघाताची झळ बसणाऱ्या बाहेरच्या लोकांसाठी विमा काढून ठेवावा, अशी सक्ती या कायद्यात आहे. कामगारांसाठी वेगळे कायदे असल्याने त्यांना यातून वगळलं आहे. आसपासचे रहिवासी, शेतकरी, वाटसरू यांच्यासाठी हा कायदा आहे.

यात जिल्हाधिकाऱ्यांवर एक महत्त्वाची जबाबदारी टाकलेली आहे. आपल्या हद्दीत असा अपघात झाल्याचं कळताच त्याची खातरजमा करायची आणि लोकांनी मदतीसाठी अर्ज करावेत, अशी जाहीर सूचना द्यायची. म्हणजे ‘अर्ज कुठे करायचा ते सांगा’ असं गावाने ग्रामसभेत ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना विचारलं, तर ती विनवणी नसते, तो कायद्यातल्या तरतुदीचा आग्रह असतो.

अर्ज अपघातापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. तो शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावा, असं कायदा सांगतो. यातली रक्कम मात्र लहान असते. मूळ कायद्यात मृत्यूसाठी २५ हजार रुपये आणि उपचारांच्या खर्चासाठी जास्तीत जास्त साडेबारा हजार रुपये होते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या रकमा नियमांद्वारे ठरवण्याची सोय केली. त्यामुळे सध्या लागू असलेली रक्कम जिल्हाधिकारी कार्यालयातून विचारून घेणं चांगलं. ही तातडीची मदत आहे. ती घेतली तरी मोठ्या भरपाईचा दावा करता येतो. तिथे मिळालेल्या रकमेतून ही रक्कम वजा होते, इतकंच.

एक अडचण मात्र आहे. हा कायदा ‘धोकादायक पदार्थ हाताळताना झालेल्या’ अपघाताला लागू होतो आणि तो पदार्थ ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त असावा लागतो. गॅसच्या टाकीबद्दल हा प्रश्न सोपा आहे. जळालेल्या प्लॅस्टिक फिल्मच्या धुराबद्दल मात्र वकिलांमध्ये वाद होऊ शकतो. इथे दुसरा दरवाजा जास्त उपयोगी ठरतो.

दुसरा दरवाजा : हरित लवाद

राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे एनजीटी, हे पर्यावरणाच्या प्रकरणांसाठीचं खास न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्रासाठीचं त्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. एनजीटी कायद्याचं कलम १५ प्रदूषणाने बाधित झालेल्यांना भरपाई देण्याचा अधिकार देतं. भरपाईच्या बाबींची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे. त्यात मृत्यू, अपंगत्व, इजा, आजारपण, बुडालेली मजुरी आणि उपचारांचा खर्च यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

या कायद्याची भाषाही जास्त व्यापक आहे. केवळ अपघातच नव्हे, तर एखाद्या कामाच्या किंवा प्रक्रियेच्या ‘दुष्परिणामा’ने झालेली हानीही यात येते. हवा प्रदूषण कायदा या यादीत असल्यामुळे धुराचा प्रश्न थेट लवादाच्या कक्षेत बसतो. दिवाणी कोर्टासारखी किचकट कार्यपद्धती आणि पुराव्याचे ताठर नियम लवादावर बंधनकारक नाहीत.

दाव्याची फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का असते, किमान एक हजार रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ही फी माफ आहे. अर्जदार स्वतः बाजू मांडू शकतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही.

लवाद स्वतःहूनही प्रकरण हाती घेऊ शकतो. मुंबईतल्या कचऱ्याच्या प्रश्नावरून झालेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी हे मान्य केलं. त्याआधी ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणममध्ये एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरिन वायूची गळती झाली, तेव्हा लवादाने दुसऱ्याच दिवशी कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला सांगितले होते.

घड्याळ कधी सुरू होतं?

एनजीटीकडे भरपाईच्या अर्जाची मुदत पाच वर्षांची आहे. नुकसानीचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून ती मोजली जाते. पुरेसं कारण दिलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही.

इगतपुरीच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. १ जानेवारी २०२३ च्या आगीसाठी ही पाच वर्षं २०२७ च्या अखेरीस संपतात. २१ मे २०२५ च्या आगीसाठी ती मे २०३० मध्ये संपतात.

इथे एक गफलत नेहमी होते. कारखान्यावर कारवाई करा, प्रदूषण थांबवा अशा मागणीच्या अर्जाला एनजीटीकडे फक्त सहा महिन्यांची मुदत असते. पाच वर्षांची मुदत भरपाईच्या अर्जासाठी आहे. सहा महिने उलटले म्हणून भरपाईचा रस्ताही बंद झाला, असं समजून लोक घरी बसतात.

कामगारांसाठी नियम वेगळे आहेत. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये नाव असलेल्या कामगाराने तिथेच दावा करायचा असतो. ईएसआय लागू नसलेल्यांसाठी दोन्ही आगींच्या वेळी १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होता आणि त्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. उशिराला सबळ कारण असेल, तर तो माफ होऊ शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या विषयात नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कंत्राटी कामगारांनी हजेरीपत्रक, गेटपास, पगाराच्या नोंदी जपून ठेवणं सर्वांत महत्त्वाचं, कारण ‘हा आमचा कामगारच नव्हता’ हा वाद सर्वांत आधी उभा राहतो.

खरी अडचण : ‘याच धुरामुळे’ हे दाखवायचं कसं?

समजा, कारखान्यापासून दोन किलोमीटरवर राहणारी एक शेतकरी महिला आहे. आगीच्या दिवसांत ती जनावरांसाठी घरीच थांबली. तिसऱ्या दिवसापासून तिला खोकला लागला. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, बिल घेतलं नाही. चार महिन्यांनी धाप वाढली, तेव्हा नाशिकला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दम्याचं निदान झालं. केस पेपरवर ‘श्वसनाचा त्रास’ एवढंच लिहिलेलं आहे. आगीचा उल्लेख कुठेच नाही.

उद्या तिने दावा केला, तर कंपनीचा वकील चार प्रश्न विचारेल. त्या दिवशी ती तिथेच होती कशावरून? चुलीच्या धुराने दमा झाला नसेल कशावरून? तिला आधीपासून त्रास नव्हता कशावरून? चार महिने ती डॉक्टरकडे का गेली नाही? तिचा आजार खरा असूनही कागदावर तो आगीशी जोडलेला नाही.

भोपाळमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. वायूबाधितांची वर्गवारी वैद्यकीय कागदपत्रांवरून झाली. त्या रात्रीच्या गोंधळात कागद कोणी जपले होते? तपासणीत लाखाहून अधिक लोक ‘इजा नाही’ या गटात गेले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि पुढे ज्यांना पैसे मिळाले त्यातले बहुसंख्य किरकोळ किंवा तात्पुरत्या इजेच्या वर्गात होते. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. इतक्या वर्षांनी हा विषय पुन्हा उघडता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. सुरुवातीला झालेली चुकीची नोंद ४० वर्षांनीही दुरुस्त झाली नाही.

शेतीचं नुकसान झालं तर तलाठी येऊन पंचनामा करतो. माणसाच्या आजाराचा असा पंचनामा होत नाही. तो ज्याचा त्यालाच करावा लागतो.

पुरावा किती लवकर नाहीसा होतो?

प्लॅस्टिक जळताना कार्बन मोनॉक्साइड, बेंझिनसारखी रसायनं आणि अतिसूक्ष्म काजळी बाहेर पडते. यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात भिनतो आणि तपासणीत सापडतो. पण साध्या हवेत श्वास घेतला तरी त्याचं प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येतं. दुसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत बहुधा काहीच दिसत नाही. धुराने घशाची किंवा डोळ्यांची झालेली जळजळही काही दिवसांत ओसरते.

श्वसनाच्या त्रासाबद्दल मात्र वैद्यकशास्त्रात एक उपयोगी निकष आहे. दाट धूर किंवा वायू एकदाच अंगावर आल्याने होणारा दम्यासारखा आजार ओळखताना डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. त्रास साधारण २४ तासांच्या आत सुरू झाला का, तो तीन महिन्यांहून जास्त टिकला का आणि आधी श्वसनाचा आजार नव्हता ना. फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमेट्री चाचणीने याला आधार मिळतो. म्हणूनच पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे गेल्याची नोंद आणि तीन महिन्यांनंतरची चाचणी हे दोन कागद एकत्र आले, तर दाव्याला बळ येतं.

दिवाणी स्वरूपाच्या दाव्यात शंभर टक्के खात्री लागत नाही. ‘आजार या धुरामुळे झाला असण्याची शक्यता जास्त आहे’ एवढं पटवून दिलं तरी पुरतं.

कोणते कागद जपायचे?

• केस पेपर : सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करणं उत्तम. ‘अमुक तारखेला आगीच्या धुराचा संपर्क आला’ हे वाक्य डॉक्टरांना केस पेपरवर लिहायला सांगावं. हे एक वाक्य नंतर लाखमोलाचं ठरतं.

• हजर असल्याचा पुरावा : रेशन कार्ड, वीजबिल, सातबारा, मुलांच्या शाळेचा दाखला यांवरून राहतं ठिकाण कळतं. त्या दिवशीचे मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ मूळ फाइलसह जपावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवलेल्या फाइलमध्ये मूळ तारीख-वेळेची माहिती राहत नाही.

• आधीची तब्येत : जुने केस पेपर, गरोदरपणातल्या तपासण्या, नोकरीच्या वेळची वैद्यकीय तपासणी. ‘आधी त्रास नव्हता’ हे यातून दिसतं.

• खर्च आणि मजुरी : औषधांची बिलं, प्रवासाचा खर्च, किती दिवस कामावर जाता आलं नाही याची नोंद.

• सरकारी नोंदी : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने घेतलेली हवेची मोजमापं, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा चौकशी अहवाल आणि अग्निशमन दलाच्या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एकट्याच्या कागदापेक्षा गावाची यादी जास्त वजनदार ठरते. आशा सेविकांच्या मदतीने, कोणत्या घरात कोणाला कधीपासून त्रास आहे याची नोंद केली, तर एकाच काळात एकाच परिसरात तोच त्रास वाढल्याचं दिसतं. चुलीच्या धुराचा बचाव अशा यादीपुढे लंगडा पडतो.

आणखी एक सावधगिरी. दुर्घटनेनंतर कोणी उपचाराचा खर्च देऊन कागदावर सही मागितली, तर तो कागद वाचल्याशिवाय सही करू नये. ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असं वाक्य त्यात असू शकतं.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मधल्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क असलेल्यांच्या यादीत औद्योगिक दुर्घटनेच्या पीडितांचा वेगळा उल्लेख आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगारही त्यात आहेत. इगतपुरीसारख्या आदिवासीबहुल भागात बहुतेक कुटुंबं या ना त्या निकषात बसतात. नाशिकच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याची विधी सेवा समिती इथे अर्ज करता येतो. १५१०० हा देशभराचा हेल्पलाइन क्रमांक आहे.

दुसऱ्या देशांत काय होतं?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले आणि धुळीचा प्रचंड ढग शहरावर पसरला. त्या धुळीने आजारी पडलेल्यांसाठी अमेरिकेत खास कायदा आहे. ठरावीक भागात, ११ सप्टेंबर २००१ ते ३० मे २००२ या काळात आपण होतो, हे अर्जदाराने दाखवायचं. कोणते आजार त्या धुळीशी जोडायचे, याची यादी सरकारने केली आहे आणि त्यात अनेक कर्करोगही आहेत. आजार वीस वर्षांनी दिसला, तरी आजाराचा त्या धुळीशी संबंध प्रमाणित झाल्यापासून दोन वर्षांत नोंदणी करता येते. हा निधी २०९० पर्यंत चालू राहणार आहे.

भारतात अशी व्यवस्था नाही. इथे घड्याळ दुर्घटनेच्या दिवशी सुरू होतं आणि आजाराचा दुवा ज्याचा त्याने जोडायचा असतो. पाच वर्षांनंतर दिसणाऱ्या आजारांसाठी ही मुदत अपुरी आहे. ‘माझ्यासाठी कारण आजार कळला तेव्हा घडलं’ असा युक्तिवाद करता येतो, पण तो मान्य होईलच याची हमी नाही.

दुर्घटनेनंतर लगेच परिसरातल्या लोकांची आरोग्य तपासणी करून त्याची नोंदवही ठेवणं, हे काम प्रशासनाने केलं तर हा दुवा जोडणं कितीतरी सोपं होईल. तोवर गावकऱ्यांच्या हातात दोनच गोष्टी आहेत, कागद आणि तारीख. इगतपुरीच्या पहिल्या आगीसाठी ही तारीख २०२७ च्या अखेरीची आहे.